अन्ननलिकेतला काळा डाग: संशयाला पुरावा कुठे आहे?

छातीत जळजळ होते, घशाशी आंबट येते, घास अडकल्यासारखा वाटतो, म्हणून माणूस दुर्बिणीची तपासणी करून घेतो. जळजळीचे कारण सापडते किंवा सापडत नाही. पण अन्ननलिकेच्या अस्तरावर एक काळा-करडा सपाट डाग दिसतो आणि रिपोर्टात त्याची नोंद होते. इथून एक ठरलेला युक्तिवाद सुरू होतो. हा डाग मेलॅनोमा या जीवघेण्या कर्करोगाची पहिली पायरी आहे, असे सांगितले जाते. तो काढून टाकावा. काढणे जमत नसेल तर दर सहा महिन्यांनी, निदान दरवर्षी, दुर्बीण घालून त्याच्यावर पहारा ठेवावा. रुग्ण घाबरतो, घरचे त्याहून जास्त घाबरतात आणि मूळची जळजळ बाजूलाच राहते.

या मताच्या बाजूने चार मुद्दे मांडले जातात. मेलॅनोमाच्या गाठीशेजारी असा डाग पुष्कळदा सापडतो, हा पहिला. डागाचाच पुढे मेलॅनोमा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत छापून आली आहेत, हा दुसरा. त्वचेवरचा तीळ बिघडून मेलॅनोमा होतो, मग अन्ननलिकेतला डाग का बिघडणार नाही, हा तिसरा. आणि मेलॅनोमा इतका भयंकर असताना जोखीम घ्यायचीच कशाला, हा चौथा. चारही ऐकायला बिनतोड वाटतात. पण या चौघांपैकी एकालाही आकड्यांसमोर नीट उभे राहता येत नाही.

भीती निराधार आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. अन्ननलिकेतच सुरू होणाऱ्या मेलॅनोमाचे पहिले वर्णन बाउर यांनी १९०६ मध्ये केले. तेव्हापासून आजवर जगभरातून नोंदवलेले रुग्ण शेकड्यांत मोजता येतील इतकेच आहेत. अन्ननलिकेच्या सगळ्या कर्करोगांत त्याचे प्रमाण हजारात एक ते दोन. तो बहुतेक साठीच्या आसपासच्या माणसांना होतो, पुरुषांत स्त्रियांच्या दुपटीने आढळतो आणि अन्ननलिकेच्या मधल्या व खालच्या भागात गाठीच्या रूपाने वाढतो. गिळायला त्रास होऊ लागेपर्यंत तो बहुधा पसरलेला असतो. मोठी शस्त्रक्रिया करूनही पाच वर्षे जगणारे रुग्ण थोडेच. इथवर वाद नाही. वाद पुढच्या पायरीवर आहे: हा भयंकर रोग आणि तो निरुपद्रवी दिसणारा डाग यांच्यात कार्यकारण जोडणारा दुवा कोणी दाखवला आहे का?

डाग मुळात कसला आहे, ते आधी पाहावे लागेल. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी, म्हणजे मेलॅनोसाइट, गर्भावस्थेत चेतासंस्थेच्या कडेच्या ऊतीतून, न्यूरल क्रेस्टमधून निघतात आणि शरीरभर प्रवास करतात. बहुतेक त्वचेत जाऊन बसतात. काही डोळ्यात, काही कानाच्या आत, काही मेंदूच्या आवरणात. काही थोड्या अन्ननलिकेतही पोचतात. पूर्वी हे ठाऊक नव्हते. अन्ननलिकेत अशा पेशी नसतातच, तेव्हा तिथला प्रत्येक मेलॅनोमा त्वचेवरून किंवा दुसरीकडून पसरून आलेला असणार, असे अनेक जण मानत. १९६३ मध्ये 'कॅन्सर' या नियतकालिकात दे ला पाव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०० शवविच्छेदनांतल्या अन्ननलिका तपासून चारांमध्ये या पेशी दाखवल्या, आणि तो समज मोडला. पुढे जपानमधल्या अभ्यासांत हे प्रमाण याहूनही जास्त आढळले.

या शोधाने अन्ननलिकेत मेलॅनोमा कुठून येऊ शकतो, हे सांगितले. ज्यांना मेलॅनोमा नव्हता अशाही माणसांत या पेशी सुखेनैव नांदत असतात, हेही त्यानेच सांगितले. पहिला अर्थ पाठ्यपुस्तकांत पोचला, दुसरा बराचसा वाटेतच गळाला. या पेशींची संख्या तळाच्या थरात वाढली आणि त्यांनी तयार केलेले मेलॅनिन अस्तरात साठले की दुर्बिणीला दिसतो तो डाग. त्याला मेलॅनोसिस किंवा मेलॅनोसायटोसिस म्हणतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये 'गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी' या नियतकालिकात भारतीय रुग्णांतल्या अशा डागांचा अभ्यास छापला. नुसत्या दुर्बिणीवर न थांबता त्यांनी रासायनिक रंजन आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, दोन्ही वापरले. म्हणजे हा प्रकार भारतीय डॉक्टरांना तीन दशकांहून अधिक काळ माहीत आहे. तो नवा नाही, आणि तो पाहून दचकण्याचे कारणही नाही.

आता पहिला मुद्दा. मेलॅनोमाच्या काढलेल्या नमुन्यांत, गाठीच्या आसपासच्या अस्तरात मेलॅनोसायटोसिस सापडण्याचे प्रमाण पाव ते एक तृतीयांश सांगितले जाते. हा आकडा सर्वांत जास्त उगाळला जातो. पण त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवला जात नाही. जपानमधल्या ओहाशी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये छापलेल्या अभ्यासात, अन्ननलिकेच्या नेहमीच्या कर्करोगासाठी काढलेल्या नमुन्यांत मेलॅनोसिस सुमारे ३० टक्क्यांत आढळला. शवविच्छेदनांत तो सुमारे दोनच टक्के होता. नेहमीचा कर्करोग म्हणजे स्क्वेमस पेशींचा. तो मेलॅनोसाइटपासून होत नाही, त्याचे गोत्रच वेगळे. तरी त्याच्याही शेजारी डाग जवळपास तेवढ्याच प्रमाणात सापडतो. म्हणजे डाग मेलॅनोमाचा खास सोबती नाही. अस्तराला दीर्घकाळ इजा होत राहिली, सूज राहिली, पेशी वाढत राहिल्या, की रंगपेशीही वाढतात, असा या निष्कर्षांचा सरळ अर्थ लागतो. शिवाय मेलॅनोमाच्या शेजारचे काही डाग हे गाठीपासूनच अस्तरात आडवे पसरलेले असू शकतात. तसे असेल तर डाग गाठीचा पूर्वज ठरत नाही, तो तिचाच विस्तार ठरतो. एका वेळी कापलेल्या नमुन्यावरून आधी काय होते आणि नंतर काय आले, हे सांगता येत नाही.

गाठ झालेल्यांकडे पाहून डाग शोधणे आणि डाग असलेल्यांकडे पाहून गाठीची वाट पाहणे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवणे ही या युक्तिवादाची मूळ चूक.

दुसरा मुद्दा एकेका रुग्णाच्या हकिगतींचा. डाग दिसला, काही काळ त्यावर लक्ष ठेवले आणि तिथेच मेलॅनोमा उगवला, अशा मोजक्या हकिगती जपानमधून छापून आल्या आहेत. त्या खोट्या नाहीत आणि त्या दुर्लक्षून चालणारही नाही. पण हकीगत छापली कधी जाते? काहीतरी विलक्षण घडले की. डाग तसाच राहिला, दहा वर्षांनी माणूस दुसऱ्याच आजाराने गेला, अशी गोष्ट कुठलाही संपादक छापत नाही आणि कुठलाही डॉक्टर लिहायला बसत नाही. म्हणून छापील हकिगतींच्या ढिगावरून धोक्याचे प्रमाण काढणे म्हणजे वर्तमानपत्रातल्या अपघातांच्या बातम्या मोजून रस्त्यावरच्या एकूण गाड्यांचा अंदाज बांधणे. त्या हकिगतींतून निघतो तो निष्कर्ष मर्यादित आहे: मोठा, वेडावाकडा, वाढत जाणारा, उंचावलेला किंवा तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यात पेशी विकृत दिसणारा डाग वेगळा धरावा. सगळ्या डागांना तोच नियम लावायला त्या हकिगती पुरत नाहीत.

तिळाच्या दाखल्याचे काय? तो दाखला विरोधकांच्याच अंगाशी येतो. त्सावो आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या आकडेवारीवरून हिशोब मांडला होता. चाळिशीच्या आतल्या माणसाच्या अंगावरचा एखादा तीळ एका वर्षात मेलॅनोमात बदलण्याची शक्यता दोन लाखांत एकाहून अधिक नाही. साठीपुढच्या पुरुषांत ती सुमारे ३३ हजारांत एक. त्वचेचे मेलॅनोमा तिळातून निघण्यापेक्षा स्वच्छ त्वचेवर नव्याने उगवण्याचेच प्रमाण जास्त, असेही मोठ्या एकत्रित विश्लेषणांतून पुढे आले आहे. म्हणूनच कोणताही शहाणा त्वचारोगतज्ज्ञ अंगावरचे सगळे तीळ खरवडून काढा, असे सांगत नाही. तो बदलणारा तीळ ओळखायला शिकवतो. अन्ननलिकेच्या डागालाही तिळाचा न्याय लावायचा, तर तो इतकाच लागतो.

अन्ननलिकेतच याहून बोलके उदाहरण आहे. आम्लपित्त वर्षानुवर्षे वर चढत राहिले की खालच्या टोकाचे अस्तर बदलते, त्याला बॅरेट्स ईसोफॅगस म्हणतात. हा बदल कर्करोगाची पूर्वावस्था आहे, याबद्दल शंका नाही. डेन्मार्कमध्ये अशा ११ हजारांहून अधिक रुग्णांचा मागोवा घेतला गेला. २०११ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात कर्करोगाचा वार्षिक धोका ०.१२ टक्के निघाला, म्हणजे हजारांत एकाच्या आसपास. आणि विकृत पेशी नसलेल्या बॅरेट्ससाठीही अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थेचा सल्ला काय? पट्टा तीन सेंटीमीटरहून लहान असेल तर पाच वर्षांनी दुर्बीण, मोठा असेल तर तीन वर्षांनी. पूर्वावस्था म्हणून सिद्ध झालेल्या, हजारोंच्या मागोव्यातून धोका मोजलेल्या आजारासाठी तीन-पाच वर्षे. आणि ज्याचा धोका कोणी कधी मोजलाच नाही, त्या डागासाठी सहा महिने! या विसंगतीचे समर्थन कसे करणार?

चौथा मुद्दा भावनेचा आहे आणि म्हणून तोच सर्वांत परिणामकारक ठरतो. "उगाच धोका कशाला?" या प्रश्नात एक गृहीत दडलेले असते: पहारा ठेवण्यात, डाग काढण्यात धोका नाही. तेवढेच तपासू.

भारतात दरवर्षी अन्ननलिकेच्या कर्करोगाचे अंदाजे ६० ते ७० हजार नवे रुग्ण आढळतात. हजारात एक-दोन हे प्रमाण लावले तर अन्ननलिकेचे मेलॅनोमा वर्षाला फार तर सव्वाशे-दीडशे. आता दुर्बिणीत डाग दिसण्याचे प्रमाण: वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत ते दीड हजारात एकापासून पन्नासात एकापर्यंत सांगितले गेले आहे. खालच्या टोकाजवळचा आकडा घेऊ, हजारात एक. देशात ९५ कोटींच्या घरात प्रौढ माणसे आहेत; म्हणजे साडेनऊ लाख लोकांच्या अन्ननलिकेत डाग. देशातला प्रत्येक मेलॅनोमा डागातूनच निघतो, असे विरोधकांना मोकळ्या हाताने देऊन टाकले, तरी एका डागवाल्याचा वार्षिक धोका सुमारे सात हजारांत एकाहून जास्त निघत नाही. एक तृतीयांशच मेलॅनोमा डागांजवळ असतात, हे लक्षात घेतले की तो वीस हजारांत एकाच्या आसपास उतरतो. हा हिशोब ढोबळ आहे. दुर्बीण तक्रार असलेल्यांनाच घातली जाते, तेव्हा सर्वसाधारण लोकांत डाग याहून कमी असतील. डागांची संख्या निम्म्यावर आणली तरी चित्र पालटत नाही.

आता पलीकडची बाजू. नुसत्या तपासणीच्या दुर्बिणीने अन्ननलिकेला किंवा जठराला छिद्र पडण्याचे प्रमाण अडीच हजारांत एक ते अकरा हजारांत एक सांगितले जाते. छिद्र आणि मेलॅनोमा यांना एकाच तागडीत घालता येणार नाही. छिद्र बहुधा बरे करता येते. पण दरवर्षी दोनदा दुर्बीण घालायची म्हटले, तर ज्या धोक्यापासून वाचवायचे त्याच्याच मापाचा दुसरा धोका रुग्णाच्या अंगावर घातला जातो, एवढे तरी मान्य करावे लागेल. त्यात भूल, खर्च, बुडालेली रोजी आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा जागी होणारी धास्ती धरलेलीच नाही. दुर्बिणीतून अस्तर सोलून डाग काढायचा, तर मामला आणखी गंभीर. नळीच्या परिघाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग सोलला गेला की जखम भरताना नळी आक्रसते. मग फुग्याने ती पुन्हा पुन्हा रुंद करून घ्यावी लागते. मेलॅनोसिसचे डाग एका जागी गोळा असतातच असे नाही. ते अनेक असतात, लांबट पसरलेले असतात. ज्याला गिळायला काही त्रास नव्हता, त्याला तो त्रास उपचाराने द्यायचा का?

पण या वादातली खरी गफलत आकड्यांच्याही अलीकडे आहे. रंग पाहूनच निदान झाले, असे मानले जाते. अन्ननलिकेत काळे दिसणारे सगळे मेलॅनिन नसते आणि सगळा मेलॅनोमा काळा नसतो.

कोळशाचा कण घ्या. धुरातून फुप्फुसात गेलेला कार्बन छातीच्या मध्यभागातल्या लसीकाग्रंथींत साठतो. श्वासनलिका दुभागते तिथे या ग्रंथी अन्ननलिकेला अगदी खेटून असतात. क्षयाने त्या सुजल्या, चिकटल्या, की अन्ननलिकेची भिंत आपल्याकडे ओढतात आणि कार्बनने भरलेल्या पेशी त्या भिंतीत उतरतात. दुर्बिणीतून दिसतो काळा खळगा किंवा काळपट उंचवटा, आणि तो पाहून मेलॅनोमाचा संशय घेतल्याच्या नोंदी आहेत. अँथ्राकोसिस हे त्याचे नाव. चुलीसमोर आयुष्य काढलेल्या बाया आणि क्षयाचे जुने व्रण या दोन्ही गोष्टी ज्या समाजात सर्रास आढळतात, तिथे ही शक्यता जपान किंवा युरोपपेक्षा जास्त ध्यानात ठेवायला हवी. चुलीची चौकशी हा निदानाचा भाग आहे.

लोहाच्या गोळ्या अन्ननलिकेत अडकल्या, की तिथे जखम होऊन तपकिरी लोह साठते. जुन्या रक्तस्रावाच्या जागी हेमोसिडेरिन राहते. पेशींच्या झिजेतून उरणारे लिपोफ्युसिनही तपकिरी-काळे दिसते. मोठ्या आतड्याचा काळेपणा या लिपोफ्युसिनचाच. सोनामुखीसारखी रेचके वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत तो दिसतो. त्या काळ्या आतड्यावरही कर्करोगाचा संशय बराच काळ घेतला गेला. जर्मनीतल्या एका तुलनात्मक अभ्यासाने २००० मध्ये दाखवले की ही रेचके घेण्याचा आणि आतड्याच्या गाठींचा संबंध सापडत नाही. काळ्या रंगावरून काढलेला एक निष्कर्ष तपासणीअंती असा ढासळलेला असताना, त्याच घाईची पुनरावृत्ती पचनमार्गाच्या दुसऱ्या टोकाला का व्हावी?

उलट बाजूने पाहिले तर काळ्या रंगाचा एक प्रकार अजिबात थांबू देत नाही. अन्ननलिकेचा रक्तपुरवठा अचानक घटला, त्यात आम्लाची भर पडली, की संपूर्ण अस्तर मरून काळे पडते. गोल्डनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दुर्बिणीतून या स्थितीचे वर्णन केले. काळी अन्ननलिका या नावानेच ती ओळखली जाते. काळेपणा नळीच्या पूर्ण परिघावर असतो, खालच्या भागात जास्त असतो आणि जठराच्या तोंडाशी रेघ मारल्यासारखा थांबतो. रुग्ण बहुधा म्हातारा, आधीच गंभीर आजारी, रक्ताची उलटी घेऊन आलेला असतो. अशा रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश दगावतात, बहुतेक मूळच्या आजाराने. इथे सहा महिन्यांनी या, असे सांगून चालत नाही. म्हणजे रंग काळाच, पण एका रुग्णाला घरी पाठवायचे आणि दुसऱ्याला अतिदक्षता विभागात.

आणि मेलॅनोमा? त्यातल्या दहा ते पंचवीस टक्के गाठींत रंगच नसतो. त्या साध्या गाठीसारख्या फिकट, लालसर दिसतात आणि तुकडा तपासतानाही त्यांना कमी विकसित पेशींचा नेहमीचा कर्करोग समजण्याची चूक होते. काळ्या डागामागे धावणारी दुर्बीण या गाठींना पकडणार कशी?

म्हणून या लेखाचा आग्रह एका गोष्टीवर आहे: डोळ्याने शिक्का मारण्याऐवजी एकदा, पण नीट, तुकडा घ्यावा आणि त्याची तपासणी पुरी करावी. तुकडा घेतला की कॅन्सर पसरतो, ही समजूत गावोगावी आहे. काही शिकलेली माणसेही ती बाळगतात. चिमट्याने अस्तराचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा काढल्याने मेलॅनोमा पसरतो, याला आधार नाही. उलट तुकडा न घेता केलेला अंदाज हाच रुग्णाला महागात पडतो. मेलॅनोसिस तळाच्या थरात असतो, म्हणून वरवरचा खरवडा पुरत नाही. डाग मोठा असेल तर मधून आणि कडांवरून असे एकापेक्षा अधिक तुकडे हवेत.

पॅथॉलॉजीच्या टेबलावर हा प्रश्न सोडवण्याची साधने जुनी, स्वस्त आणि भरवशाची आहेत. नेहमीच्या रंजकात मेलॅनिन, लोह आणि लिपोफ्युसिन तिन्ही तपकिरीच दिसतात, तिथे फसगत होते. पण फॉन्टाना-मॅसनच्या चांदीच्या रंजकाने मेलॅनिन काळे पडते. पर्ल्स यांनी १८६७ मध्ये दिलेल्या प्रशियन ब्लू चाचणीत लोह निळे होते. काच पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लात धुतली की मेलॅनिन विरून जाते, कार्बन मात्र ढिम्म हलत नाही. एवढ्या तीन पायऱ्यांत अर्ध्याहून अधिक गोंधळ मिटतो.

त्यापुढे पेशींची ओळख. एस-१००, सॉक्स-१०, मेलॅन-ए, एचएमबी-४५ या चाचण्या पेशी रंगपेशींच्या कुळातली आहे का, ते सांगतात. त्या सौम्य आणि घातक यांच्यात आपोआप फरक करत नाहीत. चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे मेलॅनोमा, असे वाचणे ही घोडचूक. फरक पेशींच्या रचनेत असतो. मेलॅनोसिसमध्ये तळाच्या थरालगत लांब फांद्यांच्या, आकाराने शांत रंगपेशी एकेकट्या बसलेल्या असतात. खालच्या ऊतीत मेलॅनिन गिळलेल्या भक्षकपेशी दिसतात. पेशींचे गठ्ठे, मोठी वेडीवाकडी केंद्रके, वरच्या थरांत चढलेल्या पेशी, विभाजनाच्या खुणा, यांपैकी काही दिसले की प्रकरण बदलते. आणखी एक बारकावा: या चाचण्यांचा नेहमीचा रंगही तपकिरीच असतो, त्यामुळे मेलॅनिनच्या तपकिरीत तो हरवतो. अशा वेळी लाल रंग देणारे रसायन वापरायचे किंवा आधी मेलॅनिन विरवून घ्यायचे. जाणता पॅथॉलॉजिस्ट हे करतोच. पण दुर्बीणवाल्या डॉक्टरने पाठवलेल्या चिठ्ठीवर 'काळा डाग' असे लिहिलेलेच नसेल, तर त्याला ते सुचणार कसे?

इथे या बाजूवरही आक्षेप येतो आणि तो योग्य आहे. एक तुकडा म्हणजे पूर्ण डाग नव्हे. नमुना चुकू शकतो. म्हणून पहिल्या तपासणीनंतर एकदा, सहा महिने ते वर्षभराने, फोटो जवळ ठेवून पुन्हा पाहायला हरकत नाही, विशेषतः डाग मोठा किंवा अनियमित असेल तर. डाग बदलला नाही, तुकड्यात विकृती नाही, की तिथे थांबावे. सावधगिरीला सीमा असते, हेच या लेखाचे म्हणणे आहे. सावधगिरी नको, असे तो म्हणत नाही.

पहारा ठेवायचाच असेल तर तो ठेवायची जागा वेगळी आहे. योकोयामा आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये जपानमधल्या मद्यासक्त पुरुषांचा अभ्यास छापला. ज्यांच्या अन्ननलिकेत मेलॅनोसिस होता, त्यांच्यात तोंड, घसा आणि अन्ननलिकेचे स्क्वेमस कर्करोग अधिक आढळले. दारूतून तयार होणारे ॲसिटाल्डिहाइड नीट न पचवणारे एन्झाइम असलेल्यांतही डाग जास्त होते. याचा अर्थ असा की डाग स्वतः गुन्हेगार नसून, त्याच अस्तरावर चाललेल्या दुसऱ्या इजेची खूण असू शकतो. महाराष्ट्रात याला ठोस अर्थ आहे. गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी तंबाखू, विदर्भातला खर्रा, गावोगावच्या बायांची मिश्री ही सवय सुटलेली नाही, आणि धूरविरहित तंबाखूने तोंडाबरोबर अन्ननलिकेचाही कर्करोग होतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने स्पष्ट नोंदवले आहे. असा माणूस डाग घेऊन आला तर विचारायचे ते तंबाखू-दारूबद्दल. तपासायचे ते तोंड, जिभेच्या कडा, घसा. आयोडीनचे द्रावण फवारून उरलेली अन्ननलिका पाहायची, कारण नेहमीच्या कर्करोगाची सुरुवात असलेला भाग आयोडीन घेत नाही आणि फिकट उरतो. शक्य असेल तिथे नॅरो बँड प्रकाशात रक्तवाहिन्यांची नक्षी पाहायची. मेलॅनोमाच्या धास्तीत ही तपासणी राहून गेली, तर रुग्णाचे नुकसान दुर्मीळ आजाराने होणार नाही. ते नेहमीच्या आजाराने होईल.

विरोधकांना आपले मत टिकवायचे असेल तर त्यासाठी काय लागेल, हेही सांगता येते. तुकड्याने निश्चित झालेल्या काहीशे मेलॅनोसिस रुग्णांचा दहा-पंधरा वर्षे मागोवा घ्यावा. किती डाग तसेच राहिले, किती फिकटले, किती बिघडले, ते मोजावे. देशातल्या मोठ्या एंडोस्कोपी केंद्रांनी एकत्र येऊन ठरवले तर हे अवघड नाही. दुर्बिणीचे फोटो आज सगळीकडे साठवलेच जातात. त्या आकड्यांत वार्षिक धोका बॅरेट्सच्या जवळ जाणारा निघाला, तर या लेखातली भूमिका मागे घ्यावी लागेल. तोवर रुग्णाच्या हाती पडणाऱ्या रिपोर्टात चार गोष्टी असाव्यात: डाग दातांपासून किती सेंटीमीटरवर आहे आणि केवढा आहे, त्याचा फोटो, तुकड्यात कोणते रंगद्रव्य निघाले, आणि पेशींत विकृती आहे की नाही. आणि दर सहा महिन्यांनी दुर्बीण घालायला सांगणाऱ्याने ती मुदत कोणत्या अभ्यासावरून ठरवली, ते त्याच कागदावर पाचव्या ओळीत लिहावे.